क्राकूफची नऊ दहाची ट्राम आणि बाबांची वही

यंदा ऑगस्टमध्ये आम्ही पोलंडमधल्या क्राकूफला जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी आणि माझे बाबा, वय वर्षं चौऱ्याहत्तर. आम्ही न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळ लोअर हटला राहतो; इथल्या सगळ्या मराठी मैत्रिणींनी एकच प्रश्न विचारला, "अगं, पॅरिस सोडून पोलंड कशाला?" त्याचं उत्तर जरा लांबचं आहे आणि ते एका चुकलेल्या लोकलपासून सुरू होतं.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. एकतीस वर्षं, त्यातली निम्मी कराडच्या स्टँडवर. कुठली गाडी कधी सुटणार, कोणती रद्द, चिपळूणची गाडी कुठल्या फलाटाला, हे सगळं त्यांच्या खिडकीतून ठरायचं. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. इथे आल्यावरही त्यांनी आठवड्याभरात आमच्या जवळच्या वॉटर्लू स्टेशनच्या सगळ्या गाड्या पाठ केल्या. माझा नवरा ऑफिसला निघताना ॲप न उघडता त्यांनाच विचारायचा.

मग एप्रिलमध्ये एकदा ते एकटेच वेलिंग्टनला गेले आणि येताना शेजारच्या फलाटावरच्या गाडीत बसले. ती आमच्या बाजूची नव्हती. पोरिरुआला उतरले तेव्हा फोनची बॅटरी संपलेली. एका भल्या बाईने त्यांना गाडीतून घरी आणून सोडलं. ती मला हसून म्हणाली, "नो वरीज, ही वॉज लव्हली." बाबा मात्र मागच्या सीटवर मान खाली घालून बसले होते. शाळेतून तक्रार घेऊन घरी पाठवलेल्या मुलासारखे. त्यांचा तो चेहरा मला नंतर कितीतरी दिवस दिसत राहिला.

त्यानंतर त्यांनी बाहेर जाणं बंद केलं. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायलासुद्धा "तूच आण" म्हणायचे. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "आयुष्यभर लोकांना गाडी दाखवली मी. आता मलाच गाडीत बसवायला माणूस लागतो. परत पाठव मला कराडला, तिथे निदान सगळे ओळखीचे आहेत." मला खरंच भीती वाटली. माणूस असा खुर्चीत बसला की उठत नाही, हे मी आईच्या वेळी पाहिलं होतं.

क्राकूफ आमच्या घरात आलं ते एका व्हिडिओतून. तिथल्या मोठ्या चौकातल्या चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला एक माणूस तुतारी वाजवतो. चारही दिशांना, दिवसरात्र, शेकडो वर्षं. बाबांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. "दर तासाला? आणि चुकत नाही?" त्यांच्या आवाजात कित्येक आठवड्यांनी धार आली होती. मी तिथल्या तिथे म्हटलं, "जाऊन बघूया? पण प्लॅन तुम्ही करायचा. मी फक्त विमानाची तिकिटं काढणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दोनशे पानी वही आणायला लावली. पट्टीने रकाने आखले: फेरी क्रमांक, सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, थांबा आणि शेवटी शेरा. माझी मुलगी ईरा बारा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. "आजोबा, जस्ट यूज द ॲप ना."

"ॲपची बॅटरी संपते," आजोबा म्हणाले. एप्रिलनंतर त्या विषयावर केलेला हा त्यांचा पहिला विनोद होता. मग त्यांनी तिला ज्यादा गाडी म्हणजे काय ते समजावलं. दिवाळीला नेहमीच्या गाड्या पुरत नाहीत, म्हणून एक गाडी डेपोत बाजूला तयार ठेवायची. ती सुटलीच पाहिजे असं नसतं. पण ती उभी आहे हे माहीत असलं की नियंत्रकाला नीट जेवण जातं.

आता माझी कबुली. मी बाबांना शब्द दिला होता, पण माझ्या मनाची तयारी नव्हती. मी गुपचूप दुसरा प्लॅन बनवला. प्रत्येक ठिकाणी टॅक्सी, प्रत्येक दिवशी पर्याय. त्याची प्रिंट काढून घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. स्वतःच्या वडिलांवर विश्वास नाही, याची लाज वाटत होती. तरी कागद काही मी बाहेर काढला नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडी कामाची माहिती. माझा पासपोर्ट न्यूझीलंडचा, त्यामुळे मला व्हिसा लागला नाही. बाबांचा भारतीय, त्यांना शेंगेन व्हिसा लागला. ते आता इथले रेसिडेंट असल्यामुळे अर्ज वेलिंग्टनमधूनच करता आला, पण दोन-तीन महिने हाताशी ठेवा. ऑकलंडहून आखातात विमान बदलून वॉर्सा आणि तिथून ट्रेनने अडीच तासांत क्राकूफ. मधे एक रात्र वॉर्साला काढा, कारण एवढ्या प्रवासानंतर माणूस माणसात राहत नाही. आणि आम्ही केलेला वेडेपणा करू नका. इथे लोअर हटमध्ये ऑगस्टात कडाक्याची थंडी, अंगात पफर जॅकेट, त्यामुळे बॅगाही आम्ही थंडीच्याच भरल्या. वर युरोप म्हणजे थंडच असणार, ही आपली जुनी समजूत. उतरलो तर तिथे भर उन्हाळा. बाबांची दोन थर्मल्स सहा दिवस बॅगेत नुसती झोपून होती.

राहायला जुन्या गावाबाहेर एक फ्लॅट घेतला. बाबांची अट एकच होती, ट्रामचा थांबा चार मिनिटांवर हवा. पहिल्या सकाळी आम्ही फेरी क्रमांक एकने चौकात गेलो. ट्राममध्ये तिकीट घेतलं की ते तिथल्याच छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवून घ्यावी लागते, नाहीतर ते चालत नाही. बाबांनी दोन्ही तिकिटं स्वतः घातली. "आमच्या कंडक्टरच्या पंचसारखाच आवाज आहे गं," म्हणत ते तिकीट उलटंसुलटं बघत राहिले.

चौक प्रचंड आहे. मधे जुनी कापडबाजाराची लांबलचक इमारत, फुलवाल्या बायका, घोडागाड्या आणि भरपूर कबुतरं. बाबांचं यातल्या कशाकडेही लक्ष नव्हतं. ते घड्याळ हातात काढून मनोऱ्याकडे बघत उभे होते. दहाला तुतारी वाजली. खिडकीत सोनेरी काहीतरी चमकलं, सूर वर चढला आणि मधेच तुटला. फार पूर्वी शत्रू आला तेव्हा तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण लागला आणि सूर अर्धा राहिला, म्हणून आजही तिथेच थांबतात, अशी कथा सांगतात. बाबांनी वहीत लिहिलं, "वेळेवर." मग अकराची ऐकायलाही थांबले. बाराचीही. मी मधल्या वेळात चर्च आतून बघून आले. निळं छत आणि लाकडात कोरलेली भलीमोठी वेदी, दोन्ही अजिबात चुकवू नका.

शाकाहारी लोकांनी घाबरू नये. तिथे 'मिल्क बार' नावाच्या साध्या खाणावळी असतात. नाव बार असलं तरी आत दारू नाही, ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं. बटाटा आणि चीज भरलेल्या पिएरोगी मागवा आणि 'बेझ म्येंसा', म्हणजे मांसाशिवाय, हे मागवतानाच सांगा, कारण वरून कधीकधी डुकराच्या मांसाचे कुरकुरीत तुकडे टाकतात. बाबांनी पहिली पिएरोगी मोडली आणि जाहीर केलं, "उकडलेली करंजी. फक्त सारणाला मिरची हवी." दोघांचं भरपेट जेवण वेलिंग्टनमधल्या दोन कॉफ्यांच्या पैशात झालं.

आणि मग पंधरा ऑगस्ट उजाडला.

त्या दिवशी व्येलिच्काची मिठाची खाण होती. शहराच्या जवळच आहे, जमिनीखाली मिठात कोरलेली दालनं, पुतळे आणि एक अख्खं चर्च. इंग्रजी गाइडची अकराची तिकिटं महिनाभर आधी काढली होती, आणि तुम्हीही आधीच काढा. बाबांनी सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. नोकरीत झेंडावंदन कधी चुकवलं नव्हतं त्यांनी. फ्लॅटच्या खिडकीशी ताठ उभं राहून त्यांनी जन गण मन म्हटलं, मीही त्यांच्या शेजारी उभी राहिले. मग आम्ही निघालो. नऊ दहाची ट्राम, फेरी क्रमांक अकरा.

रस्ता रिकामा. रोजची बेकरी बंद, कोपऱ्यावरचं दुकान बंद. नऊ दहा झाले, नऊ पंधरा झाले, ट्राम नाही. बाबा वहीत बघत होते, मग रुळांकडे, मग पुन्हा वहीत. थांब्यावर एक आजी आल्या. हातात फुलांचा, गव्हाच्या ओंब्यांचा आणि कसल्याशा सुगंधी पाल्याचा गुच्छ होता. मी विचारल्यावर त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "टुडे हॉलिडे. बिग हॉलिडे. चर्च!" आणि गुच्छ उंच करून दाखवला.

"पंधरा ऑगस्टला? यांनाही सुट्टी?" बाबा म्हणाले. आपल्या सुट्टीची तारीख त्यांना पक्की माहीत होती, पण ती दुसऱ्या कोणाचीही असेल हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. माझ्या तरी कुठे आलं होतं? त्यांनी वही मिटली. "चुकलंच माझं. अख्खा दिवस चुकला. टॅक्सी बोलाव."

तोच चेहरा. पोरिरुआहून आलेल्या गाडीतला. माझा हात पर्सच्या कप्प्यात गेला होता, कागदाची घडी बोटांना लागत होती. पण मला तो कागद काढवेना. टॅक्सीने आम्ही खाणीत नक्की पोहोचलो असतो. बाबा मात्र त्या थांब्यावरच राहिले असते. मी म्हटलं, "बाबा, अकराला अजून वेळ आहे. पाच मिनिटं थांबूया."

बाबांनी वही काखेत मारली. मग सवयीने, निव्वळ सवयीने, थांब्याच्या खांबावर लावलेल्या वेळापत्रकापाशी गेले. चष्मा वर केला. बोट एका रकान्यावरून खाली नेलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"अश्विनी, इकडे ये. हे तीन रकाने बघ. पहिल्यात आकडे दाटीवाटीने. मधल्यात कमी. तिसऱ्यात त्याहून कमी. पोलिश गेलं खड्ड्यात. हा रोजचा, हा शनिवारचा आणि हा सुट्टीचा!" त्यांनी घड्याळ पाहिलं. "नऊ चोवीस. येईल बघ. अगं, सुट्टीचं वेळापत्रक वेगळं असतं हे मला कोणी शिकवायचं? मीच खडूने फळ्यावर लिहायचो."

नऊ चोवीसला ट्राम वळणावर दिसली. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आजींनी बाबांच्या पाठीवर थाप मारली आणि पोलिशमध्ये काहीतरी लांबलचक बोलल्या. बाबाही त्यांना मराठीत म्हणाले, "बसा, बसा, तुम्ही आधी चढा."

पुढे बसच्या थांब्यावर त्यांनी थेट तिसरा रकाना गाठला. हातात चार मिनिटं होती. बस आली आणि दहा चाळीसला आम्ही खाणीच्या दाराशी होतो. बाबांनी वहीतला आधीचा आकडा खोडला नाही. शेजारी लाल पेनाने प्रत्यक्ष वेळ लिहिली.

खाणीत सुरुवातीलाच जवळपास पावणेचारशे लाकडी पायऱ्या उतरायच्या असतात, वर यायला लिफ्ट आहे. गुडघे दुखत असतील तर विचार करून जा आणि उन्हाळ्यातही स्वेटर ठेवा. आमच्या थंडीच्या कपड्यांचा तेवढा एकच उपयोग झाला. बाबा दर वळणावर पायऱ्या मोजत उतरले. खाली भिंतीला बोट लावून त्यांनी हळूच जिभेला लावलं आणि मला म्हणाले, "आहे बरं का, खारट आहे." जमिनीखालच्या त्या चर्चमध्ये झुंबरंसुद्धा मिठाच्या स्फटिकांची आहेत. माझ्या छातीवरचं एप्रिलपासूनचं ओझं तिथे उतरलं.

उरलेले दिवस मजेत गेले. वावेल टेकडीवरचा राजवाडा, नदीकाठ, ज्यू वस्तीतल्या जुन्या गल्ल्या. शेवटच्या दिवशी बाबा म्हणाले, "तू खरेदी कर, मी एकटा चौकात जाऊन येतो." मी "हो" म्हटलं आणि दोन तास एकाही दुकानात माझं लक्ष लागलं नाही. ते ठरल्या वेळेला परत आले, हातात माझ्यासाठी तीळ लावलेला गोल पाव, ओब्वाझानेक. "पाचची ऐकली. वेळेवर."

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. गेल्या सोमवारी सकाळी बाबा बूट घालून दाराशी उभे होते. "वेलिंग्टनला जाऊन येतो. दुपारच्या गाडीने परत." ईरा टोस्ट खाता खाता म्हणाली, "स्वीट ॲज, आजोबा." म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत, झकास. मी त्यांना फोन चार्ज आहे का, हेसुद्धा विचारलं नाही. दुपारी ते चालत घरी आले तेव्हा काखेत वर्तमानपत्र आणि हातात दुधाचा कॅन होता.

त्याच संध्याकाळी कपाट आवरताना क्राकूफची वही हाती लागली. शेवटचं पान मी पाहिलं नव्हतं. सगळ्या फेऱ्यांच्या खाली त्यांनी आणखी एक ओळ आखली होती. पर्समधला माझा कागद मी कोणालाही दाखवला नव्हता, पण प्रिंटरने दोन प्रती काढल्या असाव्यात आणि दुसरी, आम्ही प्रवासाला निघण्याआधीच, त्यांच्या हाती लागली असावी. ती घडी करून पानात ठेवलेली होती. ओळीत लिहिलं होतं: ज्यादा गाडी, एक. चालक, अश्विनी. आणि शेऱ्याच्या रकान्यात, लाल पेनाने: तयार होती. सोडावी लागली नाही.