नाव घे, मगच ओटी

आमच्या मनवेलपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये सगळेच बाहेरचे. कोणी चिपळूणचं, कोणी साताऱ्याचं, मी मालवणची. पण काही वर्षं पाण्याच्या टँकरवरून भांडलं की माणूस आपोआप मूळचा होतो, आणि त्याच्यानंतर येतो तो परप्रांतीय! दुसऱ्या मजल्यावर बिहारची एक पोटुशी पोर भाड्याने राहायला आली, आणि आमच्या महिला मंडळाला समाजकार्याचे डोहाळे लागले. "तिला आपल्यात सामावून घ्यायचं. डोहाळजेवण करू तिचं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

पोरीला कोण आनंद! आई तिकडे गावाला, सासू नाही. "आंटी, मेरी गोद कौन भरेगा, यही सोचती थी," म्हणाली नि डोळेच पुसायला लागली. मलाही भरून आलं.

पण सामावून घ्यायलाही नियम असतात, बरं का! उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं, तेही मराठीत, मगच ओटी. शिकवायचं काम माझ्या गळ्यात. "काकू, तुम्हाला अशा कार्यक्रमात तसं काही काम नसतं ना," अध्यक्षबाई गोड आवाजात म्हणाल्या. खरंच नसतं. हे गेल्यापासून हळदीकुंकू असो की डोहाळजेवण, माझी जागा मसालेभाताच्या टोपापाशी. कोणी 'येऊ नका' म्हणत नाही हो! फक्त 'काकू, भात बघता का जरा?' म्हणतात.

रोज दुपारी आमची शिकवणी चाले. 'वसईच्या वाडीत केळीचं हिरवं पान' इथपर्यंत पोर फाडफाड बोलायची. नाव आलं की तोंडावर पदर. "नाम लेने से उनकी उमर घटती है, आंटी."

"छे गं! मी जन्मभर घेतलं, काय झालं?" मी ठसक्यात म्हटलं. तिने माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. मी जीभ चावली.

डोहाळजेवणाला पोर हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत नुसती झळकत होती. "नाव घे, नाव घे!" सगळ्यांनी गिल्ला केला. केळीच्या पानापर्यंत आली आणि अडली. अध्यक्षबाई हातात नारळ धरून तशाच उभ्या. "परंपरा म्हणजे परंपरा. नाव नाही, तर ओटी नाही." पोरीचे ओठ थरथरायला लागले.

माझं डोकंच फिरलं. डाव हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात आले. "अहो, ओटी भरताय की आधार कार्ड तपासताय? त्याचं नाव खाली पाटीवर आहे, वाचून या!"

पोर पाटावरून उठली, सरळ माझ्यापुढे आली आणि पदर पसरला. "नाम नहीं लूँगी. आप भर दीजिए."

"अगं बाई, त्यांनी नाही भरायची!" कोणीतरी ओरडलं.

"क्यों?" तिने विचारलं.

नियम सगळ्यांना पाठ होता. माझ्या तोंडावर बोलायची मात्र एकीचीही छाती होईना. मी हात पुसले, अध्यक्षबाईंच्या हातातला नारळ घेतला आणि पोरीच्या पदरात घातला.

"काकू, भात करपतोय," अध्यक्षबाई पुटपुटल्या.

"मग बघा जरा," मी म्हटलं.