एडिटरने पुसलेली मोकळी जागा
पिकत आलेल्या केळीचा वास आला की जळगावचं आमचं जुनं ऑफिस आठवतं. सावद्याच्या वजनकाट्यावर आमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं. खाली केळीचे ट्रक, वर कूलरची घरघर, आणि माझ्या हातात चाचणीत बिघडून आलेली पावती. घडांचा आकडा वजनाला चिकटून दोन्हींचा मिळून एकच आकडा झालेला. फाइल सेव्ह केली की आम्ही ज्यात कोड लिहायचो तो एडिटर पावतीच्या नमुन्यातली मोकळी जागा आपणहून पुसायचा. मी ते सेटिंगच बंद केलं. सगळं चालू असताना हात का लावला म्हणून धुळ्याचे आमचे सिनियर अहिराणीत खवळले, "बठ्ठं चालू शे ना, मग कसाले हात लावस? एडिटर बनवणारे येडे आहेत का? तू जाऊन केळी बघ." म्हटलं, "भाऊ, केळीच बघतेय. उद्या त्या काट्यावर माझ्या वडिलांचा माल आहे, आणि पावती म्हणेल तेच वजन व्यापारी धरणार." "बिघडलं तर तुझ्या नावावर हां." "कोडमधल्या बदलाच्या नोंदीखाली माझंच नाव टाकलंय, वडिलांच्या नावासकट." दुसऱ्या दिवशी वडिलांनी पावती दाखवली, घड वेगळे, वजन वेगळं. घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, विचारावं असं पुढे कोणी नव्हतंच. विचारून हात लावायची सवय मला कोणी लावलीच नाही. आजही नवा लॅपटॉप आला की आधी तेच सेटिंग बंद करते.