समुद्राच्या पडद्यातली पिवळ्या लुगड्याची बाई

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसा... पण पडद्याला नावं ठेवू नका.

मी वडशाची. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवते, बाबांकडून शिकले. बाबा गेले त्या वर्षी त्यांनी समुद्राचा पडदा केला. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता – एका जुन्या कॅलेंडरवरचं विलायती चित्र तेवढं पाहिलेलं. ऊन, छत्र्या, पळणारी पोरं, नुसती जत्रा. जवळ गेलं की रंगाचे फटकारे, दहा पावलं मागे आलं की माणसं. त्या गर्दीत त्यांनी आईला उभं केलं. पिवळं लुगडं, पाठमोरी, कोरड्या वाळूत. तिला समुद्र दाखवायचं राहून गेलं होतं ना, म्हणून.

हंगाम संपला की पडदा बांबूला गुंडाळून माझ्या खोलीत कुलपात राहतो, तो दिवाळीनंतरच उघडायचा. बाबा गेल्यावर पहिल्यांदा उघडला तेव्हा वाटलं, बाई जरा पुढे सरकलीय. भास असेल म्हटलं, पण मोबाइलवर फोटो काढून ठेवला. पुढच्या वर्षी तो फोटो शेजारी धरला – तर तिचे पाय पाण्यात! रंग खरवडल्याची खूण नाही, वाळू जुनीच. हे काम मला कळतं, उगाच बोलत नाही.

नेमकी त्याच आठवड्यात आई तापाने आडवी झाली. नाटक कंपनी माझ्या मामाची. तो म्हणाला, "तिकडं थे पाण्यात चालली, इकडं ताई खाटेवर पडली. जाळून टाक थो पडदा."

मी आडवी आले, भांडले. खरं सांगते, आतून घाबरले होते. आईला काही झालं असतं तर? पण खाटेवरून आईच बोलली, "जिंदगीभर समुद्र पाहाचा होता मले. आता थे जाऊन राह्यली तं जाऊ दे. जाळता काऊन?"

यंदा भर दुपारी, सगळ्या कंपनीदेखत पडदा उघडला. बाई नाहीच... तिथे नुसती लाट. आई ठणठणीत, आपल्या पायांनी चालत आलेली. तिला पुन्हा रंगवू का, मी आईला विचारलं.

"नको. इतक्या वर्षांनी गेली, परत काऊन बोलावते तिले?"

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. पडदा या हंगामातही लागतोय, येऊन पाहा. आणि कोणाला जाळायचाच असेल, तर पहिल्या रांगेत आई बसलेली असते. आधी तिला विचारा.