गोधड्यांतला सर्व्हर

लोणावळ्यात पावसाळ्यात कपाटात बल्ब लावून ठेवतात. बाहेरच्यांना हे सांगितलं की ते कीव केल्यासारखं बघतात, पण त्यांनी ऑगस्टमध्ये इथे एकदा चामड्याचा पट्टा खुंटीला टांगून बघावा. आठवड्यात त्याला हिरवी लव फुटते. पिवळा बल्ब कपाटात जळत असला तरच कपडे अंगात घालण्याजोगे राहतात. मग एलईडी आले. आईने नव्या बल्बला हात लावून बघितला आणि म्हणाली, "ह्यो नुसता दिसतो. तापत न्हाई." तिने घरभर ऊब शोधायला सुरुवात केली आणि तो शोध माझ्या सर्व्हरपाशी येऊन थांबला.

सर्व्हर म्हणजे फार काही नाही. मॉनिटर काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर, रात्रंदिवस चालू. घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप वायफायवरून आपले फोटो त्यात टाकायचे. मी तळेगावजवळच्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळतो. तिथे माझं कुणी ऐकत नाही, म्हणून घरी स्वतःचं एक ठेवलं होतं. पंख्याचा आवाज फार, म्हणून तो भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात बसवला होता.

त्यात मुलीचं अख्खं बालपण होतं. ती आता बंगळुरात नोकरी करते. तिने पहिलं पाऊल टाकलं ते मी हँडीकॅमवर पकडलं होतं, सोफ्यापासून टीव्हीपर्यंत, आणि घरी आलेला एकही पाहुणा मी ते दाखवल्याशिवाय सोडला नव्हता. कॅसेटी सर्व्हरमध्ये उतरवून घेतल्या आणि त्यांना बुरशी आल्यावर फेकून दिल्या. दुसरी प्रत नव्हती. कारखान्यात बॅकअप न घेणाऱ्यांना मी चारचौघांत शिव्या घालतो, ती गोष्ट वेगळी.

कपाटात आधी एक गोधडी आली. मग मोजे, मग कुरडयांची पिशवी. मग शेजारच्या काकूंची ढोलकी, कारण दमट हवेत तिची कातड्याची पुडी सैल पडते आणि गणपतीत आरतीला ती डब्यासारखी वाजते. मी कुरकुर करायचो. आई कपाटाचं दार लावून घ्यायची. बायको टीव्हीचा आवाज वाढवायची.

या वर्षी सर्व्हर मधूनच बंद पडायला लागला. डिस्क टकटक करू लागली तेव्हा मात्र मी दुकान गाठलं. मी नवा सर्व्हर आणला. पाठ्यपुस्तकाएवढी डबी, पंखासुद्धा नाही. जुन्यातलं सगळं नव्यात घ्यायचं म्हणून रविवारी सकाळी कपाट उघडलं. आईने यंत्र तिन्ही बाजूंनी गोधड्यांत असं गुंडाळलं होतं, जसं काही ते बाळंत झालंय. पंख्याच्या जाळीवर कुरडया. वरच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला.

"अगं आई, याला हवा जायला जागाच ठेवली नाहीस."

"लय गरम व्हायचा म्हणून तर हितं ठेवलं समदं," आई म्हणाली. "गार झाल्यावर त्येचा काय उपेग?"

मी गोधड्या ओढून काढल्या आणि कॉपी सुरू केली. नवे फोटो आधी, जुने नंतर, असा क्रम मीच लावला होता. शाळेपासूनचं सगळं आलं. संध्याकाळी डिस्कने एक लांब घरघर काढली आणि ती गप्प झाली. पुण्यातल्या एका दुकानात नेली. तिथल्या माणसाने ती कानाशी धरून हलवली आणि मला परत दिली.

मी आईवर ओरडलो नाही. पुढचे काही दिवस मी तिच्याशी अतिशय सभ्यपणे बोललो. आमच्या घरात त्यालाच भांडण म्हणतात. ती नव्या डबीला रोज हात लावून बघायची आणि ती गारच लागली की माझ्याकडे बघायची.

शेवटी तिनेच नातीला फोन लावायला सांगितला आणि स्पीकर चालू असताना सरळ म्हणाली, "तुजं ल्हानपणचं फोटू माज्या गोधड्यांनी खाल्लं, बाय."

"सगळे?"

"शाळेच्या आधीचे," मी म्हणालो.

"म्हणजे माझा चालतानाचा पण?"

"तोही. पण मला नीट आठवतंय. मी कॅमेरा चालू केला आणि तू सोफा सोडून..."

"त्ये पयलं न्हाई," आई म्हणाली. "पयलं डाक्टरकडं. सुई बघितली आन माज्या मांडीवरनं उतरून पार दारापत्तुर पळाली. कंपाउंडरनं धरली म्हणून, न्हाईतर रस्त्यावर गेली असती. तुजा बाप कामावर व्हता. दुसऱ्या दिशी त्यो कॅमेरा काढून बसला, तवा बिस्कुट दाखवून परत चालवली तुला."

तिकडे मुलगी हसत सुटली. "आजी, म्हणजे मी चाललेच नाही? डायरेक्ट पळाले?"

मी बायकोकडे बघितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मान वर करत नव्हती. म्हणजे तिलाही माहीत होतं.

"मला का नाही सांगितलं?" मी आईला विचारलं.

"तू लय खूश झालतास."

मला वाईट वाटलं. इतकी वर्षं पाहुण्यांना धरून धरून बिस्किटाची करामत दाखवत होतो, आणि खरं पाऊल पडलं तेव्हा मी एका कारखान्यात कुणाचा तरी प्रिंटर दुरुस्त करत असणार. गंमत अशी, की दारापर्यंत पळणारी ती मुलगी मला आता त्या व्हिडिओपेक्षा हवीशी वाटायला लागली. मुलगी फोनवर अजून हसतच होती. मी खुर्ची ओढून आईच्या शेजारी बसलो.

"फ्रॉक कुठला होता तिच्या अंगात?" मी म्हणालो. "पहिल्यापासून सांग."