रहाट ओढणारा बेकायदा जमाव

वसईतल्या त्या रेड्याचे प्रकरण माझ्या मनातून कधी उतरलेच नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दारूबंदीच्या काळात भट्ट्या तर किती फोडल्या त्याची गणती नाही. पण एका मुक्या जनावराच्या मरणाने मला जेवढा संताप आला, तेवढा खुनाच्या तपासातही क्वचितच आला असेल. नावे कुणाचीही घेणार नाही. त्यांतल्या काहींची मुलेबाळे अजून तिथेच नांदत आहेत.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षे झाली होती. मुंबई पोलीस कायदा नवा लागू झाला होता आणि मी वसईला फौजदार म्हणून नुकताच हजर झालो होतो. एका सकाळी टपालात वरिष्ठ कार्यालयाकडून एक अर्ज आला. वर तांबड्या शाईत शेरा होता: ‘तात्काळ कारवाई करून अहवाल द्यावा.’ अर्जदार मुंबईचे एक बडे व्यापारी. होळी गावाजवळ त्यांनी हवा खायला बंगला बांधला होता. तक्रार अशी की, शेजारची एक विधवा बाई पहाटेपासून रहाट चालवून जाणूनबुजून शांततेचा भंग करते.

मी हवालदाराला घेऊन गेलो. बंगला आणि वाडी यांच्यामध्ये फक्त मेंदीचे कुंपण होते. वाडीत पानवेली, केळी, थोडी भाजी. मधोमध विहीर, तिच्यावर रहाट आणि रहाटाला जुंपलेला एक धिप्पाड रेडा डोळ्यांवर झापड बांधून गोल फिरत होता. आवाज होता हे खरे. पण त्या भागात तेव्हा वाडी तिथे रहाट होता आणि प्रत्येक रहाट वाजत होता.

बाई साठीच्या पुढची. गळ्यात काळ्या दोऱ्यात लहानसा क्रूस. मी अर्जातला मजकूर वाचून दाखवला.

“साहेब, रहाट कुरकुरणार नाय तर काय करणार?” ती म्हणाली. “मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाही असाच वाजत होता. बंगला तर काल झाला.”

“मावशी, तेल घालता का?”

“घालते की. माझ्या डोक्याला नसलं तरी त्याला घालते.”

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली, ती अर्जात नव्हती. बंगल्याचा कारभारी तिच्याकडे वाडी विकत मागायला वरचेवर येत होता. वाडी रस्त्याला लागून होती आणि शेठना मोटार सरळ आत न्यायची होती. ती नाही म्हणाली. त्यानंतर शेठच्या कानांना रहाट टोचू लागला.

मी अहवाल लिहिला: शेतीसाठी पाणी काढणे हा पूर्वापार व्यवसाय, गुन्हा दिसून येत नाही. वरिष्ठांनी मला बोलावून घेतले. “बडा माणूस आहे. जरा सांभाळून घ्या,” एवढेच म्हणाले. मी सांभाळून घेण्यासारखे काही केले नाही.

पुढे फार दिवस गेले नाहीत. बाई स्वतः ठाण्यात आली. रडत नव्हती. “माझा रेडा मेला,” म्हणाली. “सगळे म्हणतात साप डसला. साप डसलेली जनावरं मी पाहिली आहेत. हे तसं नाय.”

ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत दोन ओळी लिहून तिला वाटेला लावणार होता. मी गुरांच्या डॉक्टरला निरोप पाठवला आणि पंच घेऊन वाडीवर गेलो. मानेखाली एक सूज होती. डॉक्टरने ती चिरली आणि चिमट्यात धरून काळसर, टोकदार, काट्याएवढा तुकडा बाहेर काढला. गुंजेच्या बिया वाटून, वाळवून केलेली विषारी सुई. चामड्याच्या लोभाने गुरे मारणारे लोक ती वापरत आणि लोक सापाच्या नावाने बोटे मोडत. इथे चामडे कुणी नेले नव्हते. रेडा जागच्या जागी पडून होता. म्हणजे चामडे नको होते, रहाट बंद पडायला हवा होता.

तुकडा सीलबंद करून मुंबईला रासायनिक तपासणीसाठी पाठवला आणि गुन्हा नोंदवला. सुईची गोष्ट पंचांनाही बाहेर बोलू नका म्हणून बजावले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाडीवर गेलो तेव्हा जे पाहिले ते विसरणे शक्य नाही. रहाट चालू होता. रेड्याच्या जागी माणसे होती. आजूबाजूच्या वाड्यांमधली, हिंदू आणि ख्रिस्ती, बाप्ये आणि बायका, रहाटाच्या दांड्याला छाती लावून गोल फिरत होती. एक पाळी दमली की दुसरी. पानवेलीला पाणी चुकले असते तर वर्षाचे पीक गेले असते, म्हणून कुणी न बोलावता सगळे आले होते. बाई स्वतःही दांड्याला होती.

मी ठाण्यात परतलो तर कारभारी माझ्या टेबलासमोर बसलेला. पांढराशुभ्र कोट, हातात नवा अर्ज.

“फौजदार साहेब, आता तर हद्द झाली. त्या बाईने माणसं जमवली आहेत. बेकायदा जमाव आहे हा. आरडाओरडा चाललाय. शेठच्या घरच्या मंडळींना भीती वाटते.”

माझे डोके भडकले. “बेकायदा जमावाला बेकायदा हेतू लागतो,” मी म्हणालो. “पाणी काढणं हा हेतू कुठल्या कलमात बेकायदा आहे, तेवढं दाखवा.”

“ते तुम्ही बघा. आम्ही वर बोललो आहोत,” तो शांतपणे म्हणाला आणि नमस्कार करून गेला.

खरोखरच तो वर बोलला होता. हुकूम आला: बाईविरुद्ध चॅप्टर केस दाखल करा, म्हणजे शांतता राखण्याबद्दल तिच्याकडून जामीन घ्या. मी लेखी विरोध नोंदवला. तो फायलीला लागला आणि कागद मामलेदार कचेरीत गेले. ज्या बाईचा रेडा मारला, तीच शांतता भंग करणारी ठरून तारखांना उभी राहू लागली. वाडीतले काम टाकून, पायी.

खबर आली ती माझ्याच स्वयंपाकघराच्या दारातून. पाचूबंदरची एक कोळीण माझ्या पत्नीला मासळी द्यायची. त्या सकाळी मी घरात आहे हे पाहून ती मुद्दाम आवाज चढवून बोलू लागली.

“बाय, मी काय कोनाच्या भानगडीत नाय. बंगल्यावर मासळी देते, त्या म्हातारीलापन देते. पन रेडा मेला त्या दिवशी उजाडताना बंगल्याचा रखवालदार तिच्या गोठ्यातनं निघाला. मी पाहिला. मला पाहून असा दचकला, जसा काय भूतच पाहिलं.”

मी बाहेर आलो. “मावशी, हे कोर्टात सांगाल?”

टोपली डोक्यावर घेता घेता ती थांबली. “बंगल्यावरचं गिऱ्हाईक जानार माझं.” मग म्हणाली, “जाऊ दे. सांगेन. मुकं जनावर व्हतं.”

रखवालदार चांदीप गावाकडचा. तिशीचा, अंगाने काटक. गावी म्हातारी आई, जमीन नाही. त्याला ठाण्यात आणून बसवले. खोटे बोलायची सवय नसलेला माणूस प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो, हे मी नेहमी पाहिले आहे.

“त्या सकाळी गोठ्यात—”

“दूध आणायला गेलो होतो, साहेब.”

“कुणाचं दूध?”

तो बोलून चुकला होता. गोठ्यात एकच जनावर होते आणि तो रेडा होता. हवालदार मोठ्याने हसला. मला हसू आले नाही. रखवालदाराने मान खाली घातली, ती वर केलीच नाही. काही विचारले की “मला ठाऊक नाय” एवढेच.

“साहेब, पट्टा काढू का?” हवालदाराने हळूच विचारले. मी नको म्हटले. माराने निघालेला जबाब कोर्टात टिकत नाही, आणि मार खाल्लेला माणूस नको त्याचेही नाव घेतो. जागेवर नेऊन विचारावे म्हणून मी त्याला वाडीवर घेऊन गेलो.

रहाट तेव्हाही माणसेच ओढत होती. उन्हाने सगळी घामेजलेली. आमच्या मनात कुणाबद्दल संशय आहे, हे बाईला ठाऊक नव्हते. बंगल्याचा रखवालदार कुंपणापलीकडूनच येऊन तिच्या विहिरीचे पाणी प्यायचा, कधी तिच्या हातची भाकरीही खायचा. त्याला पाहून ती दांड्यावरूनच ओरडली, “आलास? ये रे बाबा. तूही हात लाव. माणूस कमी पडतंय.”

तो माझ्याकडे पाहू लागला. मी हवालदाराला बाजूला व्हायची खूण केली. तो पुढे गेला, दांड्याला छाती लावली आणि चालू लागला. एक फेरा झाला असेल नसेल. दांडा सोडून तो पाटाच्या कडेला खाली बसला.

“काकी, मीच टोचली,” तो म्हणाला. “मीच मारला त्याला.”

रहाट थांबला. एक तरणा गडी मुठी आवळून त्याच्या अंगावर धावला, त्याला हवालदाराने धरले. बाई जागची हलली नाही.

“तुला काय केलं होतं त्यानं?” एवढेच तिने विचारले.

त्याने सगळे सांगितले. सुया कारभाऱ्याने आणून दिल्या होत्या. रेडा गेला की म्हातारी वाडी विकेल; ऐकलं नाहीस तर उद्यापासून कामावर येऊ नकोस, असे बजावले होते. उरलेली सुई त्याने पंचांसमक्ष बंगल्याच्या मागच्या खोलीतल्या कौलांखालून काढून दिली.

मी कारभाऱ्याला अटक केली. तो कोट नीट करून म्हणाला, “सिद्ध करा.” दुसऱ्याच दिवशी मुंबईहून वकील आला.

आणि सिद्ध झाले नाही. कायदा मला पाठ होता, म्हणून निकाल मला आधीच दिसत होता. रखवालदाराविरुद्ध सुई होती, ती विषारी असल्याचा मुंबईचा अहवाल होता, कोळणीची साक्ष होती. कोळीण शब्दाला पक्की निघाली, वकिलाने किती घुमवले तरी ढळली नाही. पण कारभाऱ्याविरुद्ध होता तो फक्त एका आरोपीचा शब्द. सुया देताना कुणी पाहिले नव्हते. रखवालदार तुरुंगात गेला, कारभारी सुटला. शेठचे नाव तर एकाही कागदावर आले नाही. साक्षीदार म्हणूनही नाही. त्यांचा बंगला तिथेच राहिला आणि ते रविवारी हवा खायला येत राहिले.

चॅप्टर केस पुढे मामलेदारांनी काढून टाकली. भले गृहस्थ होते. पण ती काढून टाकीपर्यंत त्या बाईने कचेरीच्या ओट्यावर किती सकाळी घालवल्या, त्याचा जाब कुणी कुणाला विचारला नाही. शेजाऱ्यांनी मिळून तिला दुसरा रेडा आणून दिला. वाडी तिने विकली नाही.

निकालानंतर ती ठाण्यात आली. सोबत केळीच्या पानात बांधलेली विड्याची पाने होती. मला वाटले, आभार मानायला आली. तिने पाने टेबलावर ठेवली आणि विचारले, “साहेब, त्या पोराची आई गावाला एकटीच आहे ना?”

“हो.”

“मग करणारा आत आणि करायला लावणारा बाहेर, हा कसला न्याय? तुम्ही शिकलेले आहात, मला समजावून सांगा.”

मी तिला पुराव्याचा कायदा समजावू लागलो. दोन वाक्ये बोललो असेन. तिने शांतपणे ऐकून घेतले, आणि मला माझ्याच शब्दांची लाज वाटू लागली.

“तुमचा दोष नाय,” ती म्हणाली आणि निघून गेली. मागाहून कळले, रखवालदाराच्या आईला चांदीपला जाऊन भेटणारी पहिली तीच.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत शांतता भंगाचा कुठलाही अर्ज टेबलावर आला की मी आधी अर्जदारालाच समोर बसवत असे आणि विचारत असे: ज्याच्याविरुद्ध हा अर्ज आहे, त्याच्याजवळचे तुम्हाला काय हवे आहे? पुष्कळ अर्जदार तिथेच चिडून उठले. पुष्कळांनी माझी वर तक्रार केली, माझ्या बदल्याही झाल्या. शांतता राखण्यासाठी केलेला कायदा चांगलाच आहे, त्याच्यावाचून गावे चालणार नाहीत. पण ज्याचे वरपर्यंत चालते त्याच्या हाती तो गेला, की गरिबाने श्वास घेतला तरी त्याचा आवाज होतो. या गोष्टीचा मला तेव्हा जेवढा राग आला होता, तेवढाच आजही येतो, आणि तो कमी व्हावा असे मला वाटत नाही.