चार माणसांचा गिझर

दोन हजार तेवीस साल होतं अन् मी शाहत्तर वर्षांचा होतो. डिसेंबरच्या थंडीत आमच्या पिपरी मेघेच्या घरातला गिझर फुटला.

फुटला म्हणजे धडाका झाला नाही. सकाळी न्हाणीत गेलो तर भिंतीवरून तांबूस ओघळ उतरत होता. खाली बादली ठेवली, ती दुपारपर्यंत भरली. गिझरचं बटन बंद केलं, वरचा नळ बंद केला अन् आठ दिवस कोणाला काही सांगितलं नाही. सांगायला घरात होतं तरी कोण.

ते आठ दिवस मी गॅसवर पातेल्यात पाणी तापवलं. फडक्यानं धरून न्हाणीपर्यंत न्यायचं, बादलीत ओतायचं, मग वरून थंड पाणी टाकायचं. त्या थंड पाण्याला आम्ही विसण म्हणतो. किती विसण टाकायचं हे मला शाहत्तराव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आधी आईनं टाकलं, मग बायकोनं. गिझर आल्यावरसुद्धा बायको बादली भरायची, विसण टाकायची, बोट बुडवून पाहायची अन् मग हाक द्यायची, "पाणी काढलं हो!" तिला जाऊन तीन वर्ष झाली. तेव्हापासून माझं पाणी एक तर पोळते, नाही तर गार होते.

नवव्या दिवशी पाय पोळला तेव्हा मेकॅनिकला बोलावलं. नालवाडीचा आहे, पस्तिशीचा, तोंड सारखं सुरू. त्यानं गिझर उतरवून उघडला.

"काकाजी, टाकी गेली."

"डाग देऊन झाळून दे."

"हे काय घागर होय झाळाले? आतून सडली ना."

"मंग नवी टाकी टाकाचे किती?"

त्यानं बोटांवर हिशेब केला. "टाकीचे चार हजार, तापवाच्या दांड्याचे सातशे, मजुरी पाचशे. बावन्नशे झाले. नवाच आनसान त पंचवीस लिटरचा साडेसात हजारात येते, पाच वर्षाची ग्यारंटी. पन मी सांगू का? तुमच्यासारख्याले तीन लिटरचा बस्स झाला. अठ्ठावीसशे. बटन दाबलं का पानी."

"माह्यासारख्याले म्हंजे?"

"म्हंजे एकट्या मानसाले."

"मी तुले गिझरचं विचारलं. घरचं नाई विचारलं."

तो हसला अन् हत्यारं गोळा करू लागला. जाताना म्हणाला, "रागवू नका. जो आनसान तो मी लावून देईन."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो पुण्याला असतो. तिथं जाऊन त्याच्या 'मले'चं 'मला' झालं आहे, त्याला वीस वर्ष झाली. म्हणाला, "बाबा, मी तीन लिटरचा ऑनलाइन पाठवून देतो. तुम्हाला एकट्याला किती पाणी लागतं?"

"पाठवू नको. माह्यापाशी पैसे आहेत."

"पैशाचं नाही म्हणत मी."

"मीही नाई म्हनत," मी म्हणालो अन् फोन ठेवला.

पैसे होतेच. तीन हजारात भागत असताना साडेसात हजार घालणं हा वेडेपणा आहे, हे मलाही कळत होतं. पण सकाळपासून दोघांनी तोच शब्द माझ्या तोंडावर मारला होता.

इथं एक सांगायला पाहिजे. मी तिसरी शिकलो, पण चाळीस वर्ष बाजार समितीत मापारी होतो. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की वजन अन् पोत्यांचा आकडा मी मोठ्यानं बोलायचो. मी बोललेला आकडा शेतकरी मानायचा अन् व्यापारीही. मला कधी कोणी विकत घेऊ शकलं नाही, अन् हे मी आजही छाती काढून सांगतो. अन् मापारी पहिल्या पोत्याला एक म्हणत नाही. तो म्हणतो 'लाभ'. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं की बरकत थांबते, असं जुनी माणसं सांगायची. माझी जीभ तशीच वळली. घरी बायको विचारायची, "भाकर किती वाढू?" मी म्हणायचो, "लाभ." ती चिडायची, "अहो, हे काय बाजार होय? एक म्हना ना!" मी कधीच म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला दुकानात गेलो. जुनं दुकान आहे, मालक पन्नाशीच्या पुढचा, बाजार समितीत उठबस असलेला. पंचवीस लिटरचा दाखव म्हटलं. त्यानं दाखवला अन् ग्यारंटीचं कार्ड भरायला घेतलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग विचारलं, "घरी मेंबर किती?"

"ते कायले पाह्यजे?"

"कार्डावर रकाना हाय ना काकाजी. किती मानसाइले किती लिटर, कंपनी इचारते."

मी त्या पांढऱ्या टाकीकडे पाहत होतो. पहिला गिझर आणला तेव्हा घरात मी, बायको, मुलगा अन् मुलगी होतो. दोन बादल्या निघायच्या, मग पुन्हा तापेपर्यंत थांबायचं. मुलं आधी, मग बायको, मी शेवटी. पोरगी दार वाजवायची, "दादा, माह्यं पानी संपवू नको!" मुलगा आतून मुद्दाम गाणी म्हणायचा.

"चार," मी म्हणालो.

त्यानं चार लिहिलं. मी खाली सही केली.

साडेसात हजार मोजले अन् ऑटोत गिझर मांडीवर धरून घरी आणला. दुपारी मेकॅनिक आला. भोकं पाडली, नळ्या नव्या टाकल्या, त्याचे चारशे अन् मजुरीचे पाचशे. आठ हजार चारशे झाले. न्हाणीत चार खुंट्या आहेत, तीन रिकाम्या. त्यानं आपली पिशवी बायकोच्या खुंटीला अडकवली. मी ती काढून खाली ठेवली.

काम झाल्यावर त्यानं कार्डावर तारीख टाकायला घेतली. टाकता टाकता थांबला. रकाना वाचला असावा. तोंड सारखं चालणारा माणूस, पण आता त्यानं एकदा खुंट्यांकडे पाहिलं, एकदा ओट्यावरच्या माझ्या एकट्या ताटाकडे. मी वाट पाहत होतो, हा आता टोमणा मारेल अन् मी त्याला हाकलून देईन.

"चौघाइले पुरते पानी," तो हळूच म्हणाला. "चिंता नका करजा." अन् कार्ड माझ्या हातात देऊन निघून गेला.

तो टोमणा मारता तर बरं झालं असतं. जन्मात पहिल्यांदा मी खोटा आकडा बोललो होतो, अन् समोरच्यानं दया करून तो मानला होता. असा आकडा मी काट्यावर कोणाचा चालू दिला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिझर चालू केला. लाल दिवा विझला तसं पाणी काढलं. विसण टाकलं, बोट बुडवलं, पुन्हा थोडं टाकलं. आंघोळ झाली. टाकीत अजून एका बादलीचं पाणी उरलं होतं, ते तिथंच राहू दिलं. कपडे घातले, कार्ड खिशात घातलं अन् दुकान उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसलो.

मालक आला. मी कार्ड पुढं केलं. "हे चार खोड."

"त्यानं काही फरक नाई पडत काकाजी. ग्यारंटी भेटतेच."

"मले पडते."

"मंग गिझर लहान देऊ का बदलून?"

"गिझर तोच राहू दे. आकडा बदल."

त्यानं पेन काढला, चारवर आडवी रेघ मारली. "मंग किती लिहू?"

एक म्हणायला मी तोंड उघडलं. तो पेन धरून माझ्याकडे पाहत होता.

"लाभ," मी म्हणालो.

त्यानं एक लिहिलं. मी बाजूला पुन्हा सही केली.