यादीत नसलेली कनात

माघातला रविवार, सकाळ. ठिकाण लोणावळ्याच्या पुढचं एक रिसॉर्ट, कुठल्याशा कंपनीचं अधिवेशन. हजर: इस्माईलभाई, टेम्पोवाला नामदेव, बांधणारे चौघे आणि मी. कुठल्याही कामावर पोचलं की आधी हजेरी घ्यायची, मग सामान उतरवायचं, ही माझी सवय. इस्माईलभाई दरवेळी हात वर करून ‘हजर बाई!’ म्हणायचे. त्याही दिवशी म्हणाले.

सोमाटण्याला त्यांचं मंडपाचं गोडाऊन आहे. कापडं, पाईप, दोऱ्या यांचा हिशेब तिथे मी बरीच वर्षं ठेवते आहे. मोठ्या हॉलचे कापड लावून चार भाग करायचे, जेवणाची बाजू वेगळी करायची, स्टेजमागचा पसारा झाकायचा, हे आमचं काम. सकाळी कापड उभं राहतं, संध्याकाळी उतरतं. त्या दिवशी बांधणाऱ्या चौघांबरोबर मी आतल्या हॉलमध्ये पडद्यांच्या चुण्या मोजत होते. बाहेर हिरवळीवर पाहुण्यांचा नाश्ता सुरू झाला होता. मी बाहेर आले आणि नाश्त्याच्या टेबलांपलीकडे एक पांढरी कनात उभी दिसली. नकाशात तिथे काहीच नव्हतं. मला आधी रागच आला, की न विचारता कुणी बांधली! जवळ गेले तेव्हा कापड ओळखलं. ते आमच्याच टेम्पोतलं होतं.

त्या कनातीबद्दल आधी सांगायला हवं. इस्माईलभाई तरुण असताना त्यांचे वडील गेले. घर जुन्या हायवेला लागून. अंगणात बायकांनी साड्या धरून आडोसा केला आणि आत मयताची अंघोळ सुरू झाली. वारा असा, की साड्या हातात ठरेनात. तेवढ्यात फाट्यावर एसटी थांबली. “आब्बाची शेवटची आंगुळ समद्या यष्टीनं बगितली, ताई,” एवढंच ते सांगायचे, आणि मग उगाच एखादी गाठ सोडून पुन्हा बांधायचे. पुढे धंद्यात पडल्यावर त्यांनी सगळ्यात पहिलं काय केलं असेल, तर जाड पांढऱ्या मांजरपाटाची एक कनात शिवली. ती लग्नाला नाही, सभेला नाही. ती फक्त मयताच्या घरी जायची. हिंदू घर असो, मुसलमान घर असो, माणसाला शेवटची अंघोळ घालायची ती आडोशालाच. आसपासच्या गावांत, टाकव्यापासून उर्शापर्यंत, कुणी गेल्याची बातमी आली की नामदेव टेम्पो काढायचा. मागायला कुणी यायचं नाही आणि आभार कुणी मानायचे नाहीत. कनात परत न्यायला आलेल्या माणसाला चहासुद्धा विचारायचा नाही, असा न बोलता ठरलेला रिवाज होता. परत आली की भाई ती स्वतः धुवायचे, उन्हात वाळवायचे, उसवलेल्या नाड्या स्वतः लावायचे. आम्हाला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. माझ्या सामानाच्या यादीतही ती नव्हती. मरण सांगून येत नाही, म्हणून ती कायम टेम्पोत, नामदेवच्या सीटमागे, चादरीत गुंडाळून असायची.

आणि घरी? घरी खिडक्यांना पडदे नाहीत! झुबेदाभाभी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, “गावाला कनाती वाटत फिरत्यात आन् माज्या खिडकीला फडकं न्हाई.” भाई हसून म्हणायचे, “तुला कोन बगायला येतंय आता?” मग आतून भांडं आपटल्याचा आवाज यायचा.

माणूस गमत्या होता. रिसॉर्टवाले कापड दाखवून विचारायचे, हे ऑफ-व्हाईट आहे की आयव्हरी? “सायेब, दोन डाव धुतलं की समदं येकच.” पण एका गोष्टीत त्यांची गंमत चालायची नाही. स्वयंपाकाची बाजू झाकताना ते एका ठिकाणी कापड नुसतं लोंबतं सोडायचे, हाताने सारता येईल असं. एका लग्नात नवरीच्या वडलांनी हटकलं, की आचारी, भांडीवाल्या काही दिसता कामा नयेत, पूर्ण बंद करा. भाई म्हणाले, “दिसनार न्हाईत. पर त्यास्नी बी नवरी बगू द्या की, पाव्हणं. सकाळधरनं तिच्यासाटीच धुरात बसल्यात.” फट राहिली. अक्षता पडताना त्या फटीतून भांडीवाल्या मावश्यांचे चेहरे एकावर एक रचल्यासारखे दिसत होते, ते मला अजून आठवतं.

तर त्या रविवारी ती पांढरी कनात सारून मी आत गेले. भाई गवतावर पडले होते. एक पोऱ्यासारखा दिसणारा वेटर गुडघ्यावर बसून त्यांना ट्रेने वारा घालत होता, रडत होता. नंतर कळलं, की पाईप उचलताना ते छातीला हात लावून खाली बसले, तेव्हा नामदेव अॅम्ब्युलन्सला फोन करत गेटकडे धावला होता. टेम्पोचं दार उघडंच राहिलं. मॅनेजरच्या माणसांना आत पांढरं कापड दिसलं. अधिवेशनाची सजावट पांढरीच होती, शोभून गेलं! कुणी भाईंची मान वर धरली नाही, कुणी पाणी आणलं नाही, पण कनात मात्र झटपट बांधली. एक नाडी बांबूला पुरली नाही म्हणून टेबलाच्या पायाला ओढून बांधली, ती कापड फाडून तुटली. मी ओरडले. मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, प्लीज. गेस्ट ब्रेकफास्टला आहेत.” कापडापलीकडे चमचे वाजत होते. कुणीतरी इडली गरम नाही म्हणून तक्रार करत होतं.

अॅम्ब्युलन्स आली, तर तिला मागच्या गेटने घ्यायला सांगितलं. मागच्या रस्त्यात दुधाचा टेम्पो आडवा. तो काढायला मीच धावले... भाई दवाखान्यात पोचण्याआधी गेले. लवकर पोचलो असतो तर वाचले असते का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मीही सांगत नाही. मला तेवढ्याचाच राग नाही. तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. वाईट वाटलं म्हणाला. आणि मग, शाबासकी द्यावी तसं, “पण इव्हेंट फार स्मूथ झाला हं. एकाही गेस्टला काही कळलं नाही. पुढच्या महिन्यातही तुमचीच टीम हवी.” कळलं नाही! एक माणूस दहा पावलांवर मरत होता आणि कुणाला कळलं नाही, याचं त्याला कौतुक. मी त्याला एकच सांगितलं, की आमची माणसं तुमच्या गेटात पाय ठेवणार नाहीत. मोठं काम गेलं. जाऊ दे.

त्या रविवारी भाईंना घरी आणल्यावर नामदेव सवयीने तीच कनात काढून अंगणात आला. भाभी दारात उभ्या होत्या. “ती नगं,” म्हणाल्या. “जित्या मान्साला झाकलंय तिनं.” नामदेवने ती परत टेम्पोत ठेवली. घराघरातून चादरी आल्या. वारा होताच. मग नामदेव आणि बांधणारे चौघे चादरींच्या बाहेर, आत पाठ करून, खांद्याला खांदा लावून उभे राहिले. हायवेवरून गाड्या जात होत्या. आतलं काही दिसलं नाही.

भाईंचा चाळिसावा दिवस झाला. कनात मी स्वतः धुतली, गवताचा डाग काढला, वाळवून गोडाऊनच्या फळीवर ठेवली. गेल्या आठवड्यात टाकव्याची एक म्हातारी गेली. नामदेव येऊन कनातीच्या फळीसमोर उभा राहिला. मी भाभींना बोलावणं पाठवलं. त्या आल्या, कनात मांडीवर घेतली, फाटलेली जागा बोटाने चाचपली. “सुनंदा, तुटक्या नाडीची त्यांनी कदी पाटवली न्हाई,” म्हणाल्या. “मग मी लावते,” असं मी म्हणताच माझा हात बाजूला सारला. “मीच लावीन.” भाईंच्या डब्यातली सुई काढून त्यांनी दोरा ओवला. एक टाका घालायला गेल्या... आणि सुई कापडात खोचून उठल्या. “आज न्हाई हुयाचं माज्यानं.”

टाकव्याला त्या दिवशी नामदेव आणि चौघे जण नुसतेच गेले, पाठ करून उभे राहायला.

रोज संध्याकाळी मी गोडाऊन बंद करताना सामान तपासते. पडदे आले, पाईप आले, दोऱ्या आल्या. पांढऱ्या कनातीची एक नाडी लावायची राहिली आहे. सुई ओवलेलीच आहे.